सिनेमात आपल्याला रडवतं, घाबरवतं ते नेमकं काय, आवाज का चित्र? आणि तेच मोबाइलवर का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की सैराटचा शेवट थिएटरात बघितला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही आणि परवा तोच मोबाइलवर बघितला तर नुसतं वाईट वाटलं, मग हे काम आवाजाचं होतं का चित्राचं. मी साउंडचं शिक्षण घेतलेलं नाही. तालुक्याच्या गावात एका सिंगल स्क्रीन थिएटरात गेली १९ वर्षं ऑपरेटर आहे. लोक पडदा बघतात आणि मी केबिनच्या खिडकीतून लोकांच्या माना बघतो, तोच सीन दिवसाला चार वेळा, महिना महिना, दर वेळी वेगळ्या माणसांवर. त्यातून जे कळलं तेवढंच सांगतो. सैराट कोणी बघितला नसेल तर पुढे वाचू नका, शेवट सांगावाच लागणार आहे.

२९ एप्रिल २०१६, पहिला दिवस पहिला शो. मला शेवट माहीत नव्हता. ते लहान मूल शेजारणीकडून घरी येतं, दारातून आत जातं आणि आवाज गेला. सगळा. माझा हात आपोआप साउंड प्रोसेसरकडे गेला, अँपचे (अँप्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) दिवे बघितले, सगळे हिरवे. आमच्याकडे आवाज गेला की अर्ध्या मिनिटात शिट्ट्या, खुर्च्या आपटणं, 'ए आवाज!' असं सगळं सुरू होतं, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की पोटात गोळाच आला. खरंच स्टॉलमधून एक पोरगा ओरडला, 'ए आवाज!' आणि दुसरा कोणी ओरडलाच नाही. तेवढ्यात समोर पडद्यावर मूल रडतंय, तोंड उघडं आहे आणि रडणं ऐकू येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मग मला आमच्या भिंतीवरच्या पंख्यांचा आवाज ऐकू आला. इतक्या वर्षांत शो चालू असताना मी ते पंखे कधी ऐकले नव्हते. मूल बाहेर पडतं, पायाचे रक्ताचे ठसे मागे राहतात, आणि सहाशे माणसांत कोणीतरी नाक ओढलं ते केबिनपर्यंत आलं.

आता हे का झालं. नुसता आवाज बंद केला म्हणून नाही झालं, नाहीतर माझा अँप ट्रिप झाला की दर वेळी लोक रडले असते. त्याच्या आधी जवळजवळ पावणेतीन तास काय चाललंय ते बघा. पहिल्या भागात कान भरून टाकलेत. चार गाणी, चारही पोरं पळून जायच्या आधीची, आणि अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या ऑर्केस्ट्राकडून रेकॉर्ड करून आणलेला, व्हायोलिनांचा असा लोंढा येतो की साधं विहिरीतलं पोहणं, शेतातून पळणं पण मोठं वाटतं. स्लो मोशन, उघडं माळरान, ऊन. झिंगाटला आमच्या थिएटरात लोक पडद्यापुढे नाचायचे, चिल्लर उडायची, छताचे पत्रे वाजायचे. म्हणजे लोकांना सवय लागलेली की या सिनेमात काही झालं की संगीत येणार आणि आपल्याला सांगणार की आता काय वाटून घ्यायचं. मग हैदराबाद येतं, गाणी थांबतात, जागा अरुंद होतात, चित्रातलं आभाळ कमी होतं, लोक चुळबुळ करतात, थोडे जण लघवीला उठतात (हा भाग लांबलाय असं तेव्हा बरेच म्हणायचे, मला तसं वाटत नाही, तो लांब आहे म्हणूनच ती दोघं सुखात आहेत यावर आपला विश्वास बसतो). आणि शेवटी जेव्हा सगळ्यात जास्त गरज आहे की कोणीतरी सांगावं काय वाटून घ्यायचं, तेव्हा संगीत नाही, किंकाळी नाही, काहीच नाही. त्या दोघांना मारताना तर दाखवलेलंच नाही. डोळ्याला पण दिलं नाही, कानाला पण दिलं नाही. मग ती किंकाळी बघणाऱ्यालाच स्वतःच्या आत तयार करावी लागते. मला वाटतं दोन दिवस जेवण गेलं नाही ते यामुळे. नागराज मंजुळ्यांनी तिथे एक सनई जरी वाजवली असती तरी आपण रडून मोकळे झालो असतो.

म्हणून आवाज का चित्र हा प्रश्न मला जमत नाही सोडवायला. दोघं एकमेकांचं काम करतात. कानाला काही मिळालं नाही की डोळा जास्त बघायला लागतो, त्या शांततेत लोक पुढे वाकायचे, पाठ खुर्चीला टेकलेली नसायची, सगळ्या माना थोड्या पुढे. आणि डोळ्याला नीट दिसलं नाही की कान टवकारतात, सगळे भुताचे सिनेमे यावरच चालतात.

भुतावरून एक अनुभव सांगतो. एक हिंदी भुताचा सिनेमा लावला होता, नाव राहू दे. पहिल्या दोन दिवसांत ठरलेल्या जागी बाल्कनी ओरडायची म्हणजे ओरडायचीच, मी घड्याळ लावून घ्यायचो. तिसऱ्या दिवशी सहाच्या शोला सराउंडचा (बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरचे स्पीकर) आणि सबवूफरचा (जाड, खोल आवाजाचा मोठा स्पीकर) अँप बंद पडला. पडद्यामागचे तीन स्पीकर चालू, डायलॉग स्वच्छ, चित्र तेच. तीच बाई तशीच आरशात आली आणि लोक हसले. ओरडायच्या जागी हसले! डायलॉग मधल्या स्पीकरमधून येतात, पडद्याला बारीक भोकं असतात त्यातून, त्यामुळे गोष्ट कळायला काही कमी पडलं नव्हतं. कमी पडली होती ती सीनच्या आधीची दहा सेकंदं. त्या दहा सेकंदांत सबवूफरमधून एक जाड घरघर चालू असते, ती ऐकू आली असं कोणी सांगणार नाही पण छातीत कळते, आणि मागच्या भिंतीवरून काहीतरी सरपटल्यासारखं येतं. माणूस डोळे झाकतो, कान झाकत नाही. पाठीमागून आलेल्या आवाजाला मान वळायच्या आधी अंग घाबरतं, ते सिनेमामुळे नाही, ते आपल्यात आधीपासून आहे. त्या शोला आरसा होता, बाई होती, पण अंग घाबरलेलंच नव्हतं, मग मेकअप दिसला.

उलट बाजूनं फँड्री. डुक्कर पकडायला अख्खं घर धावतंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. आता आपल्याकडे महाराष्ट्रात २००३ पासून सिनेमाच्या आधी राष्ट्रगीत लागतं, त्यामुळे लोकांच्या पायांना सवय. मी वरून बघायचो, दर शोला दहावीस माणसं उठायला लागायची, अर्धी उठून इकडेतिकडे बघायची, बसू का उभं राहू. म्हणजे त्या घरातला पोरगा जब्या जसा अडकलाय तसा तो खुर्चीतला माणूस अडकलाय, फक्त आवाजानं. आणि शेवटी दगड. जब्या दगड फेकतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, आणि पडदा काळा. पुढच्या रांगेतली पोरं खरोखर मान चुकवायची. तिथे काम चित्राचं आहे, दगड कुठून कुठे येतो याचं. तोच दगड बाजूनं दाखवला असता तर तो त्या चिडवणाऱ्या पोरांना लागला असता, आपल्याला नाही.

आणि हे काही आजचं नाही. प्रभातचा कुंकू, १९३७ चा. बोलपट येऊन जेमतेम पाचसहा वर्षं झालेली, सगळीकडे संगीताचा भडिमार, आणि शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. घरातलेच आवाज. म्हाताऱ्या वकिलाच्या घरातलं ते भिंतीवरचं घड्याळ आहे ना, त्याचं टिकटिक आणि लंबक, ते म्हाताऱ्याच्या वयाचंच होऊन बसतं. जरठ नवरा आणि तरुण बायको, यावर एक वाक्य न बोलता घड्याळ बोलतं. मी तो यूट्यूबवर बघितला, प्रिंट घासलेली, तरी ते घड्याळ लागलं. नव्वद वर्षांपूर्वी हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमचा मोबाइल. तीन गोष्टी होतात.

मोबाइलचा स्पीकर एवढासा, त्यातून जाड आवाज निघतच नाही, सबवूफरचं सगळं काम गेलं. हेडफोन लावलात तर बराच फरक पडतो, पण छातीत काही होत नाही. दुसरं म्हणजे लेव्हल. सिनेमाचं मिक्सिंग एका ठरलेल्या आवाजाला होतं, आमच्या प्रोसेसरवर तो आकडा ७. त्या आकड्यावर हळू आवाज किती हळू आणि मोठा किती मोठा हे त्यांनी कानाने ठरवलेलं असतं. तुम्ही घरी आवाज कमी ठेवता, आणि आवाज कमी केला की सगळं सारखं कमी होत नाही, जाड आवाज कानाला आधी नाहीसे होतात आणि बारीक कुजबुज घरातल्या पंख्याखाली, मिक्सरखाली बुडते. मग उरतो फक्त मधला पट्टा, म्हणजे बोलणं. थिएटरवाले पण हेच पाप करतात. 'आवाज फार आहे' अशी बाल्कनीतून तक्रार आली की मालक ७ चा ५ करायला लावतात, दोन आकडे म्हणजे साडेसहा डेसिबलच्या आसपास, आणि मग तो तसाच राहतो, पुढचे सगळे सिनेमे ५ वर. ट्रेलर कर्कश असतात त्यांच्यापायी सिनेमा मारला जातो. मी यावरून भांडलोय आणि परत भांडेन.

चित्राचंही तेच. तुंबाड २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला तेव्हा आमच्या प्रोजेक्टरचा दिवा आयुष्य संपत आलेला, झेनॉनचा दिवा महाग असतो, सगळे जण ओढून ओढून वापरतात. तुंबाडमध्ये बाहेर सगळा राखाडी पाऊस, खरा पावसाळा धरून वर्षानुवर्षं शूट केलेला, आणि आत उतरलं की लाल, ओलं, पोटासारखं, कंदिलाच्या उजेडात. ते आतबाहेर डोळ्याला लागलं पाहिजे. आमच्या पडद्यावर पहिल्या दिवशी राखाडीचा चिखल झाला आणि लालचा काळपट चॉकलेटी. लोक बाहेर पडताना म्हणाले 'स्टोरी चांगली आहे'. दिवा बदलल्यावर त्याच गावातले लोक जिन्यात बोलायचेच नाहीत. स्टोरी तीच होती. तुमच्या मोबाइलवर उन्हात बसून, ब्राइटनेस ऑटोवर ठेवून तुंबाड बघितलात तर तुम्ही आमचा पहिला दिवस बघताय.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. सैराटच्या शेवटी जी शांतता आहे ती फाइलमध्ये नाही. फाइलमध्ये शून्य आहे. ती शांतता सहाशे माणसांनी एकाच वेळी श्वास धरला म्हणून झाली, त्यात शेजारच्या अनोळखी माणसाचं नाक ओढणं आहे, कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या ते आहे, कोणाचं लहान पोर मध्येच 'आई, ते बाळ का रडतंय' विचारतं आणि त्याला कोणी उत्तर देत नाही ते आहे. मोबाइलवर आवाज बंद झाला की तुम्हाला खालच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो आणि तुम्ही तुमच्या घरात परत येता.

एक उपाय सुचवतो, जमलं तर करा. रात्री अकरानंतर, दिवे बंद, पंखा बंद, टीव्हीला बरे स्पीकर किंवा चांगले हेडफोन, आणि फक्त शेवट लावू नका, झिंगाटपासून लावा, आणि झिंगाटला आवाज मोठा ठेवा. तो मोठा असल्याशिवाय शेवट शांत होत नाही. आणि घरातलं कोणीतरी सोबत बसवा, एकटे बघू नका.

दिव्यांचं राहिलं. आमच्याकडे नियम असा होता की शेवटचा शॉट संपतोय असं दिसलं की हॉलचे दिवे लावायचे आणि दरवाजे उघडायचे, म्हणजे पुढच्या शोची गर्दी आत घेता येते. सैराटच्या पहिल्या शोला मी सवयीने दिवे लावले, आणि खालून लोकांनी माझ्या खिडकीकडे बघितलं. शिव्या नाही दिल्या, नुसतं बघितलं, रडलेले चेहरे, उजेडात पकडल्यासारखे. दुपारच्या शोपासून मी डोअरकीपरला सांगून ठेवलं, मी खाली येईपर्यंत दार उघडायचं नाही. नावं सगळी वर जाऊन पडदा पांढरा होईपर्यंत दिवे बंद. पुढचा शो रोज दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायचा, मालक चिडायचे, आणि बाहेर लायनीत उभे असलेले लोक आतून काहीच आवाज येत नाही म्हणून दाराला कान लावायचे.