लिनक्स सर्व्हरवर विद्यार्थ्यांची खाती स्क्रिप्टने कशी उघडावीत आणि बंद करावीत?

महाविद्यालयाच्या उबुंटू सर्व्हरवर दर वर्षी नव्या तुकडीची दोनशेच्या आसपास खाती आपल्याला हाताने उघडावी लागतात. प्रवेशाच्या एक्सेल यादीवरून हे काम स्क्रिप्टने करता येईल का आणि उत्तीर्ण होऊन गेलेल्यांच्या खात्यांचे काय करावे, असे आपण विचारले आहे. खाती उघडण्याचा भाग छोट्याशा बॅश स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने चालणाऱ्या लिनक्स आज्ञांच्या फाइलीत, सहज बसतो. माझ्या मते अशा स्क्रिप्टची खरी कसोटी दोन ठिकाणी लागते: ती चुकून दुसऱ्यांदा चालवली गेली तर काय होते, आणि विद्यार्थी गेल्यावर त्याचे खाते खरोखर बंद होते का.

सुरुवात यादीपासून करावी. विंडोजवरील एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा अक्षर असते आणि ते शेवटच्या रकान्याला चिकटते. तो रकाना तुकडीच्या ग्रुपचा असेल, तर डोळ्यांना अचूक दिसणारा ग्रुप अस्तित्वातच नाही, अशी तक्रार यंत्रणा करते आणि माणूस तासभर शोधत बसतो. म्हणून फाइल आधी 'डॉस-टू-युनिक्स' (dos2unix) या ते अक्षर काढून टाकणाऱ्या आज्ञेतून काढावी. युजरनेम विद्यार्थ्याच्या नावावरून करू नये. एकाच वर्गात तीन-चार पाटील आणि दोन स्नेहा जाधव असणे आपल्याकडे नवलाचे नाही. हजेरी क्रमांक दर वर्षी बदलतो, त्यामुळे कायम नोंदणी क्रमांक घ्यावा, पण त्याच्या आधी एखादे लहान इंग्रजी अक्षर जोडावे, कारण निव्वळ अंकांचे युजरनेम आणि यंत्रणेतला युजर आयडी यांत काही आज्ञांची गल्लत होऊ शकते.

खाते उघडण्यासाठी 'युजरअ‍ॅड' (useradd) ही आज्ञा वापरावी. तिच्यासारखीच दिसणारी 'अ‍ॅडयुजर' (adduser) उबुंटूवर एकेक प्रश्न विचारत बसते, म्हणून ती हाताने काम करताना सोयीची आणि स्क्रिप्टमध्ये अडचणीची. मात्र उबुंटूवर 'युजरअ‍ॅड'ला होम डिरेक्टरी (विद्यार्थ्याचे स्वतःचे फोल्डर) तयार करण्यास 'मायनस एम'ने (लहान m) आणि शेल, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, बॅश ठेवण्यास 'मायनस एस'ने स्पष्ट सांगावे लागते. याच आज्ञेला 'मायनस पी' देऊन पासवर्ड पुरवण्याचा मोह टाळावा. तिथे आधीच हॅश केलेला, म्हणजे उलट न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपातला पासवर्ड अपेक्षित असतो. साधा मजकूर दिल्यास तो तसाच पासवर्डांचे हॅश ठेवणाऱ्या 'शॅडो' फाइलीत जाऊन बसतो आणि विद्यार्थ्याला लॉगिन करता येत नाही. शिवाय आज्ञेसोबत लिहिलेले सारे काही, ती चालू असेपर्यंत, 'पीएस' (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवणाऱ्या इतरांना दिसू शकते. त्यापेक्षा प्रत्येकासाठी यादृच्छिक पासवर्ड तयार करून तो पासवर्ड बसवणाऱ्या 'सीएचपासडब्ल्यूडी'ला (chpasswd) पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीला देऊन, द्यावा आणि लगेच 'चेज मायनस डी शून्य' (chage -d 0) चालवावे, म्हणजे पहिल्याच लॉगिनला तो बदलणे भाग पडते. जन्मतारीख पासवर्ड म्हणून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते; वर्गमित्रांना एकमेकांचे वाढदिवस पाठ असतात, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

प्रत्येक ओळीवर काम करण्यापूर्वी 'गेटएंट' (getent) या आज्ञेने ते खाते आधीपासून आहे का, हे स्क्रिप्टने तपासावे, आणि असल्यास नोंद करून पुढे जावे. ही तपासणी नसेल तर यादीत उशिरा प्रवेश घेतलेली पाच नावे वाढवून स्क्रिप्ट पुन्हा चालवली, की जुन्या सर्वांचे पासवर्ड नव्याने बदलले जातात आणि दुसऱ्या दिवशी सारा वर्ग आपल्या दाराशी उभा राहतो.

आता बंद करण्याविषयी. 'युजरमॉड मायनस एल' (usermod -L, मोठा L) ही आज्ञा 'शॅडो' फाइलीतील हॅशच्या आधी फक्त एक उद्गारचिन्ह घालते. त्यामुळे पासवर्ड निरुपयोगी होतो, पण विद्यार्थ्याने एसएसएच की (पासवर्डाशिवाय दूरून लॉगिन करू देणारी किल्ली-फाइल) ठेवलेली असेल तर उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत तो तिच्या आधारे आत येतच राहतो; म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे. म्हणून सोबत खात्याची मुदत संपल्याची तारीखही घालावी. ती १ अशी देण्याचा प्रघात आहे. दिवसांची मोजणी १ जानेवारी १९७० पासून होत असल्याने त्याचा अर्थ २ जानेवारी १९७० होतो. शून्य देऊ नये, कारण त्याचा अर्थ 'मुदतच नाही' असाही लावला जाऊ शकतो. तसेच चालू असलेली सत्रे यामुळे तुटत नाहीत, ती 'लॉगिनसीटीएल' (loginctl) या आज्ञेने वेगळी संपवावी लागतात. खरे तर खाते उघडतानाच अभ्यासक्रम संपण्याची तारीख 'मायनस ई'ने घालून ठेवली, तर बंद करण्याचे बहुतेक काम आपोआप होते, आणि केटी किंवा इयर डाउन झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांची मुदत तेवढी वाढवावी लागते.

खाते पूर्ण काढून टाकण्याची घाई मी करत नाही. 'युजरअ‍ॅड' नव्या खात्याला सहसा वापरातल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढचा क्रमांक देते. सर्वांत शेवटी आलेल्या विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला, आपण त्याचे खाते काढले आणि दुसऱ्या दिवशी नवीन विद्यार्थी आला, तर आधीच्याचाच आयडी त्याला मिळतो आणि सामायिक फोल्डरमध्ये राहिलेल्या परक्या फाइलींचा तो मालक होतो. म्हणून आधी 'फाइंड'ने त्या आयडीच्या सर्व फाइली शोधून संग्रहात हलवाव्यात आणि मगच खाते काढणारी 'युजरडेल' (userdel) वापरावी. होम डिरेक्टरी काढण्यासाठी स्क्रिप्टमध्ये स्वतः 'आरएम' (फाइली पुसणारी आज्ञा) लिहू नये. यादीतील एका रिकाम्या ओळीमुळे युजरनेम रिकामे राहिले, तर ती आज्ञा संपूर्ण 'होम'वर चालू शकते.

हेच चाळीस संगणकांवर करायचे असेल, तर स्क्रिप्ट वाढवत बसण्यापेक्षा एलडॅप (सर्व खाती एकाच ठिकाणी ठेवणारी व्यवस्था) किंवा अ‍ॅन्सिबलकडे (अनेक संगणकांवर एकच काम करणारे साधन) वळावे. एका सर्व्हरसाठी मात्र वरील मांडणी पुरेशी आहे. ती आधी एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर तीन खोट्या नावांसह दोनदा चालवून पाहावी. दुसऱ्या वेळी खात्यांची यादी असलेली 'पासडब्ल्यूडी' आणि 'शॅडो' या दोन्ही फाइलींत एका अक्षराचाही बदल होता कामा नये.