बँकेचा फोन पोरीने का उचलायचा?

ताई, पत्र दोनदा वाचलं. मालवणजवळचं गाव, मुलगी बारावी सायन्स, सीईटी बरी गेलीय, पण आता म्हणते पुढे शिकायचंच नाही, इथेच कुठेतरी कामाला लागते. आणि तुम्ही विचारताय पटकन नोकरी लागेल असा कोर्स कुठला. सांगतो, पण आधी एक ओळ जी तुम्ही सहज लिहून गेलात, की बँकेचा फोन आला की ती म्हणते "आये, तू बोलू नको, मी सांगतंय".

अहो, सतरा वर्षांची पोर बोटीच्या हप्त्याला मुदत मागते, दिरांशी चाललेली भांडणं ऐकते, रात्री तुमचे डोळे पण तीच पुसते, मग स्वतःची फी मागायला तिला तोंड कसं होणार? त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होडी झापांनी शाकारलेली, घरात पैसा नाही आणि ॲडमिशनचे फॉर्म नेमके ह्याच दिवसांत. आपल्याकडे किती पोरांचे निर्णय असे पावसाळ्यात होतात, मी दरवर्षी बघतो.

लपवा असं म्हणत नाहीये हां, पोरांना सगळं कळतं. तिला एकच आकडा सांगा, वर्षाला तुझ्यासाठी एवढे देऊ शकतो. कर्ज किती थकलंय, दीर काय बोलले, ते तुम्ही दोघं बघून घ्या. मन मोकळं करायचं तर बहीण आहे, शेजारीण आहे, अगदीच असह्य झालं तर 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेली, फुकट लाईन आहे, मराठीत बोलतात.

आता कोर्स. तिला समुद्राची आवड आहे म्हणता तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय बघा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, बीएफएससी म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, चार वर्षं, सीईटीवर ॲडमिशन. आणि 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. म्हणजे तुम्ही त्यात बसत असाल तर तुमचा आकडा मुख्यतः हॉस्टेल-मेसचाच काढायचा. उत्पन्नाचा दाखला नि नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर आत्ताच तहसीलला टाका, आणि त्या रांगेत तिला नका पाठवू, भावजींना पाठवा, बंदीत घरीच असतील ना.

रविवारी तिला मला फोन करू दे, एकटीला. तुम्ही मागे उभं राहायचं नाही, स्पीकर पण नको.