काकांनी तोंडी दिलेल्या २० गुंठ्यांवर १४ लाख घालावेत का?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, थोरल्या काकांनी २००९ साली पंचांसमक्ष २० गुंठे शेत त्यांना दिल्याचे सांगितले, तेव्हापासून वाचकच ते कसतात, तर आता निवृत्तीनंतर मिळालेले १४ लाख रुपये तेथे बोअर आणि पोल्ट्रीची शेड यांवर खर्च करावेत का. काका ७८ वर्षांचे आहेत, त्यांच्या दोन्ही मुली कोल्हापूरकडे दिल्या आहेत आणि वाचकांचे वडील हयात आहेत.

आपण आज त्या शेतात एक रुपयाही घालू नये, असे माझे मत आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ नुसार स्थावर मालमत्तेचे दान देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि नोंदणी यांशिवाय होत नाही. पंच कितीही प्रतिष्ठित असले तरी ही उणीव भरून निघत नाही. कचेरीत कोणी आपल्याला ‘तोंडी दान चालते’ असे सांगितले असेल, तर ते बहुधा मुस्लीम कायद्यातील हिबाविषयी असावे. आपल्याला तो लागू नाही.

वर्दी देऊन उताऱ्यावर नाव चढवण्याचा विचार आपण कळवला आहे. महसुली नोंद ही सारावसुलीच्या सोयीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बारा वर्षांहून अधिक वहिवाटीचा आधारही लंगडाच आहे, कारण काकांच्या परवानगीने केलेली वहिवाट त्यांच्या विरुद्धची मानली जात नाही.

खरी अडचण मात्र याच्याही आधीची आहे. ती जमीन काकांनी स्वतः खरेदी केलेली आहे की वडिलोपार्जित वाटणीतून आलेली आहे, हे आपल्या पत्रात नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. ती वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर काकांच्या मुलींचा तीत जन्मतः हक्क आहे, मग त्यांची लग्ने केव्हाही झालेली असोत. आणि अशा एकत्र मालमत्तेतील जमीन केवळ प्रेमापोटी दान देणे वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कर्नाटकातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र झाले, तरी मुलींना डावलून केलेला तो कागद पुढे कोर्टात टिकणार नाही. म्हणून प्रथम जुने उतारे आणि फेरफार काढून वकिलांना दाखवावेत, आणि गरज असल्यास मुलींकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे. त्यांनी नकार दिला, तर तो आज कळणे आपल्या फायद्याचे आहे.

मुली राजी असतील, तर खर्चाचा हिशेब असा पडतो. कर्नाटकात जवळच्या नातलगांमधील बक्षीसपत्रावर ठरावीक, अल्प मुद्रांक शुल्क लागते. त्या यादीत भाऊ येतो, पुतण्या येत नाही. म्हणून काकांनी आधी त्यांच्या भावाला, म्हणजे आपल्या वडिलांना, आणि मग वडिलांनी आपल्याला द्यावे, हा मार्ग वकिलांशी बोलून तपासावा. मात्र आपल्याला बहीण-भाऊ असतील, तर त्यांनाही आधीच विश्वासात घ्यावे. सर्व्हे नंबरचा तुकडा द्यायचा असल्याने ‘अकरा-ई’, म्हणजे त्या तुकड्याची मोजणी करून काढलेला सरकारी नकाशा लागेल आणि त्यात वेळ जाईल. दस्त कन्नडमध्ये असेल, तेव्हा तो काकांना मराठीत वाचून दाखवला होता याची नोंद त्यातच करून घ्यावी आणि त्या दिवसाचा डॉक्टरांचा दाखला ठेवावा, कारण या वयातील दानावर ‘समजले नव्हते’ हा आक्षेप हमखास येतो.

मृत्युपत्र करून घेणे स्वस्त पडेल. पण काका हयात असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतात, आणि बदलता येणाऱ्या कागदाच्या भरवशावर शेड बांधणे मला पटत नाही.

तोवर १४ लाख मुदत ठेवीत ठेवावेत. साडेसहा टक्के व्याज धरले, तर सहा महिन्यांत सुमारे ४५,००० रुपये मिळतील, आणि नकाशा व वकील यांचा खर्च त्यातून बऱ्याच अंशी निघावा. काकांच्या मुली गौरी-गणपतीला माहेरी येत असतील, तर कागद करण्याआधी त्यांच्याशी तेव्हाच समोरासमोर बोलावे, आणि ते बोलणे आपण नव्हे, काकांनी सुरू करावे.