‘चुळबुळणे’ म्हणजे नेमकं काय? ‘वळवळणे’ आणि हे एकच का? रोजच्या बोलण्यात ते कसं वापरतात?

एकच नाही. दोन्हींत हालचाल आहे, पण वळवळायला नुसतं अंग पुरतं, चुळबुळायला मनही लागतं. पालीची तुटलेली शेपटी वळवळते. ती चुळबुळते असं कोणी म्हणणार नाही. गांडूळ वळवळतं, डोक्यात किडा वळवळतो, बोलायची खुमखुमी आली की जीभ वळवळते. चुळबुळतो तो अख्खा माणूस.

आणि तोही कसा? जागेवरून उठायची सोय नसलेला. माझ्या मते या क्रियापदाची खरी गोम इथे आहे. ज्याला उठून फिरता येतं तो अस्वस्थ झाला की येरझाऱ्या घालतो. ज्याला बसून राहणं भाग आहे तो चुळबुळतो. एखाद्या सभेत वक्त्याने तिसऱ्यांदा ‘आता शेवटचा मुद्दा’ म्हटलं की श्रोत्यांकडे बघा. कोणी या कुल्ल्यावरचा भार त्या कुल्ल्यावर घेतो, कोणी खुर्चीखाली पायाच्या अंगठ्याने चप्पल चाचपतो, कोणी मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवतो. कोणीही उठत नाही. याला म्हणायचं, ‘श्रोत्यांत चुळबूळ सुरू झाली’.

वाक्यात बहुतेक वेळा नामच येतं. ‘काय मघापासून चुळबूळ लावली आहेस?’, ‘जरा चुळबूळ न करता बस बघू’ ही घरोघरची वाक्यं. क्रियापद म्हणून ‘तो खुर्चीत चुळबुळत होता’, ‘ती नुसतीच चुळबुळली, बोलली काही नाही’ असं. ते अकर्मक आहे, त्यामुळे ‘त्याने चुळबुळले’ म्हणू नका, ‘तो चुळबुळला’. सतत तसं करणारं पोर म्हणजे चुळबुळ्या. वर्तमानपत्रांनी तर हा शब्द राजकारणाला कायमचा बहाल केला आहे: यादी जाहीर व्हायला उशीर झाला की ‘इच्छुकांमध्ये चुळबूळ’. वापर अगदी चपखल आहे, कारण नाराजी आहे, पण पक्ष सोडायचा धीर अजून झालेला नाही.

एक सावधगिरी. ‘का चुळबुळतोयस?’ हे लहानांना, मित्रांना चालतं. वडीलधाऱ्या माणसाला किंवा साहेबांना असं विचारलं तर आगाऊपणा वाटेल. तिथे ‘बसायला अवघड होतंय का?’ बरं. ‘वळवळणे’ माणसाला लावलं की त्याहून वाईट, त्यात सरळ तुच्छता येते. ‘फार वळवळतोयस हं!’ ही चौकशी नसून दमदाटी आहे.

अवघडण्यावरून आठवलं, ‘अवघडून बसणे’ आणि ‘चुळबुळत बसणे’ यांत लोक गल्लत करतात. अनोळखी घरी संकोचाने सोफ्याच्या कडेला ताठ बसलेला पाहुणा अवघडलेला असतो, हलतच नाही. तासाभराने, निरोप कसा घ्यावा हे सुचेनासं झालं की मग तो चुळबुळायला लागतो.

बाकीची भावंडं थोडक्यात. ‘तळमळणे’ अंथरुणात, झोप न येता, आणि कारण बहुधा गंभीर. ‘तडफडणे’ वेदनेने, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. ‘घालमेल’ मनातल्या मनात होते, बाहेर दिसेलच असं नाही. ‘शिवशिवतात’ ते हात, काहीतरी करायला किंवा कोणाला तरी ठेवून द्यायला. या सगळ्यांत चुळबूळ सर्वांत सौम्य; वेळ संपली, बोलावणं आलं की ती आपोआप थांबते. म्हणून मरणाच्या दारातल्या रुग्णाबद्दल ‘चुळबुळत होता’ लिहिलं तर वाचणाऱ्याला खटकेल.

लिहिताना एक गोंधळ हमखास होतो, तोही सांगून टाकतो. नाम ‘चुळबूळ’, दुसरा उकार दीर्घ, कारण अकारान्त (शेवटी ‘अ’ असलेल्या) मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, उकार दीर्घ लिहायचा नियम आहे. पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: ‘चुळबुळीमुळे’, ‘चुळबुळीत’. क्रियापदात ‘बु’ उपान्त्य राहत नाही, म्हणून ‘चुळबुळणे’. मूल-मुलाला, फूल-फुलाला यांचीच ही तऱ्हा. ‘चुळबुळ’ असं लिहिलेलं सगळीकडे दिसेल, अर्थात त्याने कोणाचं अडत नाही.