व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीने रसायनशास्त्रात प्रयोगशाळेतील पीएच.डी. करावी का?

आपली मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हीलचेअर वापरते आणि तिला नागपुरातच रसायनशास्त्रात संशोधन करायचे आहे; हे जमेल का आणि अर्जात अपंगत्वाचा उल्लेख करावा की टाळावा, असे आपण विचारले आहे. जमेल; उल्लेख अवश्य करावा, मात्र तेवढ्यावर न थांबता काय लागेल ते प्रवेशापूर्वी लेखी मागावे.

पोलिओमुळे माझ्या उजव्या पायाला कॅलिपर आहे आणि काखेत कुबडी. मी याच शहरात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. केली. माझे अपंगत्व लपण्यासारखे नव्हतेच, पण लेखी काही मागितले नाही, आणि ती चूक मला साडेपाच वर्षे पुरली. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, परंतु तिची किल्ली शिपायाकडे असे आणि तो संध्याकाळी साडेपाचला घरी जाई. जिवाणूंच्या वाढीची नोंद मात्र दर दोन तासांनी रात्री दहापर्यंत घ्यावी लागे. म्हणून चार वाजल्यानंतर मी पाणी पिणे बंद करीत असे, कारण स्वच्छतागृह तळमजल्यावर होते. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला सांगायला नको. दुसऱ्या किल्लीची परवानगी मिळायला चौदा महिने लागले; सीताबर्डीत ती करून घ्यायला वीस मिनिटे लागली.

आपल्या मुलीच्या बाबतीत प्रयोगशाळेतील कामाच्या ओट्याची उंची अधिक महत्त्वाची आहे. उभ्याने काम करण्याचा ओटा साधारण ९० सेंटिमीटर उंच असतो आणि त्याखाली कपाटे असतात. व्हीलचेअरवरून काम करायचे तर उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास हवी आणि खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा हवी. फ्यूम हूडचेही, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कप्प्याचेही, तसेच आहे. हूड उभ्या माणसाच्या मापाने बसवलेला असेल, तर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा उकळत्या द्रवाच्या जवळपास पातळीवर येतो, त्यामुळे ही मागणी सुरक्षिततेची आहे आणि ती त्याच शब्दांत मांडावी. आपत्कालीन शॉवरची साखळी बसल्या जागेवरून हाताला लागते का, हेही पाहावे. ती लांब करायला फारसा खर्च येत नाही. कुबडी धरल्यावर मला एकच हात उरत असे, म्हणून मी घरची चाकांची ट्रॉली आणून तिच्यावर भोके पाडलेली फळी बसवली होती. त्या भोकांत फ्लास्क घट्ट बसत.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार (‘अपंग’चे ‘दिव्यांग’ केल्याने पायऱ्या कमी झाल्या नाहीत, हा भाग वेगळा) ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. वाजवी सोयी नाकारणे हा याच कायद्यात भेदभाव ठरतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची जादा मुदतही आहे. पण त्या सवलतीवर विसंबून बेत आखू नये, कारण जेआरएफ आणि एसआरएफ (कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळून फेलोशिप पाच वर्षेच मिळते. वाढीव मुदतीत घरभाडे आणि मदतनिसाचा पगार कशातून द्यायचा, याचा विचार आधीच करावा लागतो. लिफ्ट आणि ओट्याच्या कारणाने वाया गेलेले महिने नेमके फेलोशिपच्या या पाच वर्षांतून वजा होतात.

मार्गदर्शक निवडण्यापूर्वी मुलीला घेऊन प्रत्यक्ष भेट द्या. जे लागणार आहे त्याची यादी विभागप्रमुखांच्या नावे अर्ज करून द्या आणि पोच घ्या. भेटीची वेळ मात्र संध्याकाळी सहानंतरची मागा. लिफ्ट चालू असते का आणि स्वच्छतागृहाला कुलूप असते का, हे तेव्हाच कळते.