ड्रायर फिरतोय पण तापत नाही: हीटरच बदलावा लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्रम नेहमीसारखा फिरतो, आवाज तोच, पण तासाभराने दार उघडलं की कपडे ओले आणि हाताला गार. बघायला आलेल्या माणसाने मागचा पत्रा न खोलताच ‘हीटर गेलाय’ असं सांगितलं. तर हीटर बदलून टाकायचा का?

इतक्यात नको. हीटर गेलाही असेल, पण पत्रा न खोलता ते कुणालाच कळत नाही. मी मेकॅनिक नाही. माझा स्वतःचा ड्रायर याच दुखण्याने दोनदा अडला होता आणि दोन्ही वेळा हीटर ठणठणीत निघाला. त्या खटाटोपात जे शिकलो ते सांगतो.

आधी सेटिंग बघून घ्या, हसू नका. नुसती गार हवा फिरवणारा प्रोग्रॅम जवळपास प्रत्येक ड्रायरमध्ये असतो आणि कपडे आत भरताना कोपराने बटण फिरणं अवघड नाही. कपडे वॉशिंग मशीनमधूनच निथळत बाहेर येत असतील, तर दोष तिथल्या स्पिनचा आहे.

मग ड्रायर खरोखर तापतच नाही, की तापतो पण वाळवत नाही, हे ठरवा. ही दोन वेगळी दुखणी आहेत. मी यासाठी घराचा विजेचा मीटर वापरतो. घरातली बाकीची मोठी उपकरणं बंद करायची, ड्रायर सर्वांत गरम प्रोग्रॅमवर लावायचा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल ठिपका बघायचा. माझ्या मीटरला एका युनिटमागे ३२०० लुकलुकी पडतात. ड्रमची मोटर एकटी चालत असेल, म्हणजे साधारण २५० वॉट, तर ठिपका चार-साडेचार सेकंदांनी एकदा चमकतो. २००० वॉटचा हीटर त्यात आला की सेकंदाला दोनदा. फरक इतका ढळढळीत असतो की घड्याळही लागत नाही. शिवाय अधूनमधून गडबड होत असेल तर तीही इथेच दिसते: पाच मिनिटं ठिपका पळतो, मग मंदावतो आणि पुन्हा पळतच नाही.

(तुमचा ड्रायर हीटपंपवाला असेल तर हे गणित लागू नाही. त्यात बहुधा हीटर नसतो, फ्रिजसारखा काँप्रेसर असतो. तो कमी वीज खातो आणि कपडेही फार गरम करत नाही, कोमट म्हणजे ठीकच. वीस मिनिटांनंतरही आतली हवा गार असेल आणि जाळ्या साफ असतील, तर मात्र काँप्रेसरचं किंवा गॅसच्या गळतीचं काम आहे. ते घरी होत नाही.)

आता मुख्य मुद्दा. ड्रायरला उष्णतेइतकीच वाहती हवा लागते. हवा अडली की उष्णता आतच कोंडते, हीटरच्या आसपासचं तापमान वाढत जातं आणि मग सुरक्षेसाठी बसवलेला थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही. काही मॉडेलांत त्याच्याबरोबर मोटरही थांबते, काहींत फक्त उष्णता जाते आणि ड्रम बिचारा फिरत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हीटर गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

पहिल्या खेपेला मी इथेच फसलो. फ्यूज उडालेला सापडला, नवा लावला, मशीन तापलं. स्वतःवर खूश होऊन पत्रा लावून टाकला. तीन आठवड्यांनी पुन्हा गार. तेव्हा कुठे ड्रायर पूर्ण ओढून मागे वाकून बघितलं, तर हवा बाहेर नेणारा पाईप मशीन आणि भिंतीच्या मध्ये दाबून चपटा झालेला. तो सोडवला तर आतून तंतूंचा राखाडी लगदा निघाला, ओलसर आणि नमद्यासारखा घट्ट. बोटाने खरवडला तरी सुटेना. माझा टीशर्ट, टॉवेल, चादरी, सगळ्यांचा थोडा थोडा अंश त्यात होता. फ्यूजने दोन्ही वेळा आपलं काम चोख केलं होतं. मी मात्र निरोप आणणाऱ्यालाच बदलत बसलो होतो.

म्हणून क्रम असा ठेवा: हवा आधी, भाग नंतर. दाराजवळची जाळी काढून नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर दिसायला स्वच्छ असली तरी ती बुजलेली आहे. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांचा पातळ थर तिच्यावर चढतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे होतो. पाईपवाला विजेचा ड्रायर असेल तर पाईप काढून थोड्या कपड्यांवर दहा मिनिटं चालवून बघा. गॅसच्या ड्रायरवर हा प्रयोग अजिबात नको, त्याचा धूर घरात येईल. पाईप काढल्यावर हवा नीट गरम आणि जोरात आली, तर दुखणं पाईपमध्ये आहे. पाईप आखूड, सरळ आणि गुळगुळीत धातूचा असावा. प्लॅस्टिकचा असेल तर आजच काढा, तंतू पेट घेतात आणि मग तोही पेटतो. पाणी टाकीत साठवणाऱ्या कंडेन्सर ड्रायरला पाईप नसतो, पण खालच्या झडपेमागे कंडेन्सर असतो. बऱ्याच मॉडेलांत तो अख्खा बाहेर काढून नळाखाली धुता येतो.

एवढं करूनही गार असेल तर पत्रा खोला. प्लग काढून, बटण बंद करून नव्हे. मल्टिमीटर (वीज आणि जोड तपासायचं छोटं यंत्र) ओहमवर, म्हणजे विरोध मोजायच्या सेटिंगवर ठेवा आणि जो भाग मोजायचा त्याची निदान एक वायर सोडवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने फिरून खोटं सांगतो.

हीटरपर्यंतची वीज माळेतल्या दिव्यांसारखी एकामागून एक भागांतून जाते: टायमर किंवा रिले (बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच), मोटरवरचा स्विच (ड्रम फिरत नसताना हीटर लागू नये म्हणून), थर्मोस्टॅट (जास्त तापलं की वीज तोडणारा), फ्यूज, आणि शेवटी कॉइल, म्हणजे हीटरची तापणारी तार. एक तुटला की सगळं गार. फ्यूज आणि थर्मोस्टॅट गार असताना जोडलेले असायला हवेत, म्हणजे मीटरने त्याच्या बीपच्या सेटिंगवर बीप द्यायला हवी. कॉइलचा ओहमचा आकडा मशीनमागच्या पाटीवरून काढता येतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्ट आणि २००० वॉटला साधारण २६ ओहम, २४० व्होल्ट आणि ५४०० वॉटला साधारण ११. आकडा जवळपास आला तर कॉइल जिवंत आहे आणि ‘हीटर गेला’ हे निदान तिथेच बाद. काहीच आलं नाही तर कॉइलवरून टॉर्च फिरवा, तुटलेलं टोक बहुधा लोंबताना दिसतं. शिवाय कॉइलचं टोक आणि बाहेरचा पत्रा यांमध्येही मोजा. तिथे जोड दाखवला तर कॉइल पत्र्याला टेकली आहे, मशीनला पुन्हा वीज लावू नका.

तापमान मोजणारा थर्मिस्टर मात्र बीप देत नाही, त्याचा विरोध काही हजार ओहम असतो. मी बीप आली नाही म्हणून तो मेला समजून नवा मागवणार होतो. मग कुणीतरी मुठीत धरून बघायला सांगितलं. हाताच्या उबेने आकडा सरसर खाली आला. बरा होता बिचारा.

माझ्या दुसऱ्या खेपेचा चोर मीटरने नाही, डोळ्यांनी सापडला. कॉइलच्या एका टोकावरची वायरची चिमटी सैल होऊन तपकिरी पडली होती आणि शेजारचं आवरण कुरकुरीत झालं होतं. थंड असताना मीटर सगळं ठीक सांगायचा, तापली की जोड सुटायचा. जळका भाग कापून उष्णता सोसणारी नवी चिमटी घट्ट दाबून बसवली, काम झालं. भिंतीवरच्या सॉकेटची भोकं आणि प्लगच्या पिनाही अशाच नजरेने बघा.

सगळे भाग ठीक आणि तरी हीटरला वीज पोचत नसेल, तर संशय बोर्डावरच्या रिलेवर. तिथे चालू विजेत मोजमाप करावं लागतं, ते जाणत्यावर सोडा. अमेरिकेसारखी २४० व्होल्टची जोडणी असेल तर त्याआधी ब्रेकर बघा. तिथे मोटर एका वायरवर चालते आणि हीटरला दोन लागतात, त्यामुळे अर्धा ब्रेकर पडला की नेमकं तुमच्यासारखंच होतं: फिरतं, तापत नाही.

आणि फ्यूजच्या दोन वायरी एकमेकींना जोडून ‘तात्पुरतं’ चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत कोरडे तंतू आणि तापलेली कॉइल यांच्यामध्ये उभा असलेला तो शेवटचा पहारेकरी आहे.

ड्रायर पाईपवाला आहे, कंडेन्सर की हीटपंप, आणि मागच्या पाटीवर वॉट किती लिहिलेत, एवढं सांगा. कॉइल मोजलीत तर तो आकडाही.