सरासरी विसरा, ‘मॅक्स’ बघा

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधला मोटर कंट्रोलर लिनक्सवर चालतो, दर १ मिलिसेकंदाला सिग्नल जातो. रिअल-टाइम कर्नल (ठरल्या वेळी काम व्हावं म्हणून बनवलेला लिनक्सचा गाभा) टाकून सायक्लिकटेस्ट ही चाचणी दहा मिनिटं चालवली. उशिराची सरासरी ६ मायक्रोसेकंद आली. तरी दिवसातून एखाद्या वेळी मोटर गचका खातेच. असं का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : रिकाम्या मशीनवर दहा मिनिटं मोजणं म्हणजे पहाटे चारला नाशिक फाटा ओलांडून ‘ट्रॅफिक नाहीच’ म्हणणं. सायक्लिकटेस्ट ठरल्या वेळी उठायचं ठरवतं आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठलं ते मोजतं. त्यातला शेवटचा, ‘मॅक्स’चा आकडा तुमचा. सोबत स्ट्रेस-एनजी किंवा हॅकबेंच या लोड टाकणाऱ्या टूलनं मशीन दमवा आणि चाचणी रात्रभर चालू ठेवा.

आणखी एक गोम आहे. वीज वाचवायला प्रोसेसर रिकामा असताना गाढ झोपतो आणि त्यातून उठायला वेळ लावतो; सायक्लिकटेस्ट चालू असेपर्यंत त्याला तसं झोपू देत नाही. तुमचा प्रोग्राम ही काळजी घेत नसेल, तर चाचणी पास होते आणि मोटर नापास.

तरीही गचके राहिले, तर एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे टूल चालवा. बायोस, म्हणजे मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, कधी कधी अचानक प्रोसेसर ताब्यात घेतं, कर्नलला पत्ताही लागत नाही. ती चोरी हे टूल पकडतं. माझ्याकडच्या एका जुन्या बोर्डानं मला दोन रविवार छळलं. बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट (जुन्या सिस्टिमना यूएसबी कीबोर्ड-माउस चालावेत म्हणून असलेली सोय) बंद केला आणि उशिराच्या उड्या थांबल्या.

लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नल रिअल-टाइम करणारी सोय, मूळ कर्नलमध्येच आहे, वेगळा पॅच शोधत बसू नका.